कडेचे धान्य

शेत कापताना कडेचे पीक तसेच ठेवावे, खाली पडलेली कणसे मागे फिरून वेचू नयेत, द्राक्षमळ्यात गळालेली फळे गोळा करू नयेत, कारण ती गरिबांची आणि उपऱ्यांची आहेत, असा नियम बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे. अनुवाद या पुस्तकात त्यात आणखी भर पडते: शेतात एखादी पेंढी विसरली तर ती आणायला परत जाऊ नये, ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावी. भूक आणि शेती यांविषयीच्या ख्रिस्ती विचाराची सुरुवात या साध्या नियमांपासून होते. मालकाने दयाळूपणे चार कणसे द्यावीत, असे येथे म्हटलेले नाही. कडेचे धान्य मालकाचे नव्हेच, असे म्हटले आहे. गरिबाने ते मागायचे नाही, कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. शेतात यायचे आणि आपल्या हाताने वेचायचे.

नेवासे तालुक्यातल्या वाचकाला हा नियम परका वाटण्याचे कारण नाही. ज्वारीचे शेत मोकळे झाले, भुईमूग उपटून झाला, सोयाबीनची काढणी उरकली की भूमिहीन घरांतल्या बायका आणि मुले सरवा वेचायला जातात. मालक पाहून न पाहिल्यासारखे करतो, कधी हाकलतोही. फरक इतकाच की येथे सरवा मालकाच्या मर्जीवर चालतो. लेवीय पुस्तकात तो कायदा आहे. रूथची गोष्ट याच कायद्याच्या आधारावर उभी आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामीचे कुटुंब मवाब देशात गेले. तेथे नवरा आणि दोन्ही मुले गमावून ती परतली, तेव्हा तिच्याबरोबर आलेली परदेशी, विधवा सून रूथ जवाच्या हंगामात बवाजच्या शेतात सरवा वेचू लागली. तिला हटकू नका, उलट पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गाळत जा, असे बवाज आपल्या गड्यांना सांगतो. कायदा जेवढे मागतो त्याच्या पुढे एक पाऊल टाकणारा शेतकरी कसा असतो, हे या लहानशा प्रसंगात दिसते.

त्याहून मोठी व्यवस्था सातव्या आणि पन्नासाव्या वर्षाची. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांचे, आणि त्यांनी खाऊन उरेल ते रानातल्या जनावरांचे. त्याच सातव्या वर्षी कर्ज माफ करायचे. पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी अडचणीत विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जायची. जमीन कायमची विकता येत नाही, कारण ती देवाची आहे आणि माणसे तिच्यावरची कुळे आहेत, ही यामागची भूमिका. योबेल प्रत्यक्षात कितपत पाळला गेला याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण एखाद्या समाजाने आपल्या धर्मग्रंथात जमिनीच्या फेरवाटपाचा नियम लिहून ठेवावा, ही गोष्टच मोठी आहे. पिढीजात द्राक्षमळा विकायला नकार देणाऱ्या नाबोथाला अहाब राजाच्या घरातून खोट्या आरोपावर मारवले जाते, ती कथा या नियमाची दुसरी बाजू दाखवते. पुढच्या काळातले संदेष्टे हाच धागा पकडतात. यशया शेताला शेत जोडत जाणाऱ्या जमीनदारांना दोष देतो. आमोस मापात मारणाऱ्या, धान्याबरोबर भुसाही विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर तुटून पडतो. त्यांच्या दृष्टीने भूक ही नुसती पावसाच्या लहरीची गोष्ट नाही. तिच्यामागे कोणाचा तरी हात असतो.

नव्या करारात हीच गोष्ट पंगतीतून पुढे येते. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे. त्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबांच्या, हा तपशील योहान देतो. मत्तयच्या 25व्या अध्यायात शेवटच्या न्यायाची कसोटी भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी दिले की नाही, अशी रोकडी आहे. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांना डावलले जाते अशी तक्रार झाली, तेव्हा त्या कामासाठी सात माणसे खास नेमण्यात आली. वाटप न्यायाने व्हावे यासाठी निर्माण झालेले चर्चमधले हे पहिले पद. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी येऊन जेवत आणि मजूर मागून उपाशी येत. अशा पंगतीला प्रभुभोजन म्हणता येणार नाही, असे पौल त्यांना स्पष्ट लिहितो. आणि याकोबाच्या पत्रात शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवलेली मजुरीच देवाकडे ओरडून दाद मागते.

चौथ्या शतकात आशिया मायनरमधील कैसरियाला दुष्काळ पडला, तेव्हा बॅसिल या धर्मगुरूने कोठारे बंद ठेवणाऱ्या धनिकांना उघडपणे सुनावले: गरजेपेक्षा जास्तीचे जे आहे ते उपाशी माणसाचेच आहे. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याच विचाराला शास्त्राची शिस्त दिली. जीव जाण्याची पाळी आलेल्याने दुसऱ्याचे अन्न घेतले तर ती चोरी ठरत नाही, असे त्याचे मत. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पृथ्वीवरील संपत्ती सर्वांसाठी आहे, हे तत्त्व पुन्हा मांडले. 2015 सालच्या पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात माती, पाणी आणि गरीब यांचा प्रश्न एकच मानला आहे.

हा विचार नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आला तेव्हा त्याची गाठ कोरडवाहू शेती, जातीची उतरंड आणि दर काही वर्षांनी येणारा दुष्काळ यांच्याशी पडली. नेवासे तर जुने गाव. प्रवरेकाठच्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती सापडली आहे. येथेच शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गावाचे दैवत मोहिनीराज, म्हणजे अमृत वाटणाऱ्या मोहिनीचे रूप. कोणाला वाढायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न नेवाशाच्या देवळातही आहेच.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 साली अहमदनगरला आले. त्यांचे खेड्यांतले एक मुख्य ठाणे नेवासे तालुक्यातील वडाळा बहिरोबा येथे उभे राहिले. आजही त्या भागाला वडाळा मिशन म्हणतात. 1846 साली भारतात आलेले सॅम्युअल फेअरबँक यांची अनेक वर्षे या वडाळ्यात गेली. शेती, झाडे आणि पक्षी यांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. दक्षिणेतील पलनी टेकड्यांवरच्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात फेअरबँक हे नाव कायमचे राहिले आहे. तालुक्यातल्या गावोगावी लहान मंडळ्या तयार झाल्या. त्यांतले बहुतेक लोक महार समाजातले होते. ब्राह्मण आणि इतर जातींतून आलेले मोजके लोक शहरात होते. त्यांनी आणि महारवाड्यातल्या माणसांनी प्रभुभोजनात एकाच प्याल्याला ओठ लावायचे, ही त्या काळी साधी बाब नव्हती. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेल्या प्रीतिभोजनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

महारांचे अन्न गावगाड्यात बलुत्यावर ठरलेले होते. बलुतेदारांच्या थोरल्या ओळीत त्यांची गणना होई. येसकरकी, निरोप पोचवणे, गावकामाची राबणूक, मेलेली जनावरे ओढून नेणे या कामांच्या बदल्यात खळ्यावर धान्य, घरोघरची भाकर आणि हाडकी-हाडोळ्याची वतनी जमीन. वरवर पाहता हा हक्कच. पण तो हक्क अपमानाला बांधलेला होता: मेलेले ढोर ओढायचे नाकारले की खळ्यावरची पेंढी थांबे. ख्रिस्ती झालेल्या महारांपुढे हा पेच रोजचा होता. मृतमांस सोडा असे पाद्री सांगत. गाव म्हणे, मग बलुतेही सोडा. धर्म बदलला तरी पाणवठा बदलला नाही आणि वस्तीही बदलली नाही. वतनाच्या या गुलामीवर पहिला मोठा कायदेशीर घाव घालण्याचा प्रयत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणून केला. ही वतने कायद्याने रद्द व्हायला मात्र 1958 साल उजाडावे लागले.

दुष्काळाने हा प्रश्न आणखी टोकदार केला. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. सातव्या वर्षी कर्ज माफ करण्याचा बायबलमधला नियम त्यांनी वाचला असण्याचे कारण नाही, पण ज्या जाचातून तो नियम जन्मला तोच जाच येथेही होता. सरकारने 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याआधीच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. मिशनने अन्नवाटप केले, खडी फोडण्याच्या कामांवर माणसे लावली, अनाथ मुले सांभाळली. दुष्काळाच्या मागोमाग ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. जेझुइट पाद्र्यांचे काम नगर जिल्ह्यात याच सुमारास राहुरी तालुक्यातील केंदळपासून सुरू झाले.

पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हापासून आजपर्यंत होत आला आहे. तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. धान्य देणाऱ्या हाताने बाप्तिस्माही द्यायचा, यात दबाव असतोच, मग देणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो. खुद्द मिशनऱ्यांनाही याची जाणीव होती. आंध्रातल्या ओंगोलच्या जॉन क्लाउ यांनी दुष्काळी कामे चालू असेपर्यंत बाप्तिस्मे थांबवले होते. ती संपल्यावर, 3 जुलै 1878 या एका दिवशी 2222 जणांचा बाप्तिस्मा झाला. अन्न मिळणे बंद झाल्यावरही लोक आले, असे त्यावरून म्हणता येते. अन्न मिळाले त्या दिवसांची आठवण ठेवून लोक आले, असेही म्हणता येते. पण आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या माणसाला आयुष्यभर उष्टी भाकर ताटाबाहेर टाकून मिळाली, त्याला कोणी पंगतीत बसवून वाढले तर त्याने निवडले ते फक्त पोट नव्हते.

1899-1900 च्या दुष्काळात अन्नवाटपाचे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाने वर्गणी जमवली आणि 1900 साली ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून सुमारे 5000 टन मका मुंबईला आला. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम यांचा या मदतकार्यात मोठा वाटा होता. त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. याच काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा यांना केडगावला घेऊन येत होत्या. रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. म्हणून त्यांच्या मुक्ती सदनाची रचना वेगळी दिसते. केडगावला त्यांनी सुमारे 100 एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली, आणि मुलींच्या हाताला शेती, विणकाम, छपाई अशी कामे दिली. दुष्काळ ओसरल्यावर या मुली कोठे जातील, हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवसापासून विचारला.

नगरच्या मिशनने अनाथांना सुतारकाम, विणकाम, गालिचे, मास्तरकी आणि परिचारिकेचे शिक्षण दिले. त्यातून एकदोन पिढ्यांत महारवाड्यातून शिक्षक, नर्स, धर्मगुरू, रेल्वेतले नोकरदार घडले, ही मोठीच गोष्ट. पण खेड्यात राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबाच्या हातात जमीन आली नाही. शिकलेले नगर, पुणे, मुंबईकडे गेले. मागे राहिलेले दुसऱ्याच्या बांधावर मजुरीलाच राहिले. चर्चने भूक भागवली आणि अक्षर दिले; ज्या व्यवस्थेतून भूक येत होती तिला मात्र ते क्वचितच भिडले. योबेलचा अध्याय ज्यांनी शिकवला त्यांनी जमिनीचा प्रश्न सरकारवर सोडला. या इतिहासाकडे आदराने पाहतानाही हे म्हणावेच लागते.

वसईत चित्र वेगळे आहे. तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज काळापासूनचा आणि मुख्यतः जमीन कसणारा: केळी, पानवेली, भाजीपाला, फुले. त्यामुळे तेथे न्यायाचा प्रश्न जमीन मिळण्याचा नव्हता, आहे ती वाचवण्याचा होता. मुंबईचे शहरीकरण वसईच्या वाड्यांवर येऊ लागले, गोड्या विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व केले. धर्मगुरू, मराठी लेखक, बायबलचे मराठी अनुवादक आणि 93व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशा त्यांच्या ओळखी महाराष्ट्राला आहेत. शेतजमीन आणि पाणी राखणे हे त्यांच्या लेखी उपासनेपासून वेगळे काम नव्हते.

नगरच्या पठारावर पुढचा मोठा बदल 1960 नंतर आला. तोपर्यंत परदेशी मदतीचे गहू, दूधपावडर आणि तेल चर्चच्या संस्थांमार्फत वाटले जात होते. फुकट वाटपाने माणूस मिंधा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभा राहतो, हे वाटणाऱ्यांच्याही ध्यानात आले. मनमाडला काम करणाऱ्या व्हिसेंट फेरर या स्पॅनिश जेझुइटाने वाट बदलली. शेतकऱ्याला विहिरीसाठी बिनव्याजी पैसे आणि कामाच्या दिवसांत धान्य द्यायचे, आणि विहिरीला पाणी लागून पीक आले की त्याने ते परत करायचे. या कामाने सावकार आणि पुढारी दुखावले. 1968 साली फेरर यांना देश सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा हजारो शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर आले. पुढे त्यांना भारतात परतण्याची परवानगी मिळाली. त्यांनी आंध्रातल्या अनंतपूरला नवे काम उभे केले. ख्रिस्ती संस्थांच्या पुढाकाराने 1966 साली ‘ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन’ ही संस्था निघाली; तिच्या नावातच अन्न वाटण्याकडून अन्न पिकवण्याकडे वळलेली दृष्टी आहे.

पाण्याच्या बाबतीत जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कामाची नोंद वेगळी घ्यायला हवी. कठीण कातळात बोअर घेणारी यंत्रे आली, पण ओतीव लोखंडाचे घरगुती हातपंप गावाच्या रोजच्या वापरात टिकत नव्हते. दिवसभर शेकडो घागरी भरल्या की दांडा किंवा सांधा तुटे. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने आणि नंतर सोलापूरच्या मिशनच्या कार्यशाळेने पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा, साखळीने दट्ट्या ओढणारा मजबूत पंप बनवला. सोलापूरच्या त्या पंपावरून 1970च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. भारतात आणि आफ्रिकेत असे लाखो पंप बसले. महाराष्ट्रातल्या दुष्काळाने जगाला दिलेली ही वस्तू आजही कित्येक गावांच्या चावडीपाशी उभी आहे.

1972 चा दुष्काळ नगर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना सुकडी, लाल मिलो आणि खडी फोडण्याच्या कामांसकट आठवतो. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना पुढे आली. नगरच्या सोशल सेंटरचे फादर हर्मन बाखर यांनीही याच काळात विहिरी आणि पाझर तलाव यांची कामे केली. मूळचे स्विस असलेले बाखर 1948 साली भारतात आले होते. कामांतून त्यांना दिसले ते असे: विहीर खोदून दिली, मोटर बसवली, दोन वर्षे चांगली गेली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर कोरडी. डोंगरमाथ्यावर पाऊस थांबत नसेल तर पायथ्याच्या विहिरीला पाणी कुठून येणार? म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे: वर सलग समतल चर आणि झाडे, खाली बांधबंदिस्ती, ओढ्यावर नालाबांध. राळेगणसिद्धीला अण्णा हजारे हेच करत होते आणि पुढे हिवरे बाजारनेही ते केले. बाखर यांनी जर्मन सरकार आणि नाबार्ड यांना एकत्र आणून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा केला. 1993 साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. संगमनेर तालुक्यातील मेंढवण, म्हसवंडी, दरेवाडी ही गावे या कामाने ओळखली जाऊ लागली. 2021 साली वयाच्या 97व्या वर्षी बाखर यांचे निधन झाले.

या कार्यक्रमात न्यायाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पैसा गावाच्या पाणलोट समितीच्या हाती येई, आणि आराखडा गटवार, प्रत्यक्ष शेतात उभे राहून, शेतकरी आणि त्याची बायको यांच्याशी बोलून केला जाई. सरवा वेचणाऱ्याने आपल्या हाताने घ्यायचे, या जुन्या नियमाचाच हा विस्तार म्हणता येईल. दुसरी गोष्ट अवघड होती. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली की डोंगर हिरवा होतो, पण पहिली काही वर्षे ज्याच्याकडे शेळ्या आहेत आणि शेत नाही त्याचे पोट मारले जाते. पाणी वाढते ते जमीनवाल्याच्या विहिरीत. मेंढपाळ आणि भूमिहीन यांना वाढलेल्या मजुरीपलीकडे काय मिळाले, हा प्रश्न प्रत्येक पाणलोट गावात उभा राहिला. समित्यांत भूमिहीनांना आणि बायकांना जागा, चाऱ्यात वाटा, बचत गटांचे कर्ज असे उपाय झाले. काही ठिकाणी ते पुरले, काही ठिकाणी नाही.

नेवासे तालुक्याचा प्रश्न संगमनेरच्या पठारापेक्षा निराळा, कारण येथे कालवा आला. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याने तालुक्याचा मोठा भाग बागायती झाला. सोनई आणि भेंडा येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पूर्वी ज्वारी आणि बाजरीवर राबणारा तालुका उसावर आला. उपासमार मागे हटली, हे कालव्याचे आणि सहकाराचे खरे यश. पण ऊस तोडायला पाथर्डी, बीडकडून जोडपी येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि फडावरच्या कोपीत पोरे शाळेवाचून वाढतात. कापणी करणाऱ्याच्या अडकलेल्या मजुरीबद्दल याकोबाने लिहिले, ते या फडावर शब्दशः लागू पडते. तालुक्याच्या खालच्या अंगाला जायकवाडीचा फुगवटा आहे. त्यात गावे गेली, जमिनी गेल्या. आता टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावरून नगर, नाशिक आणि मराठवाडा भांडतात. 2005 सालच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आहे. अंमलबजावणीसाठी मात्र वारंवार न्यायालयाची पायरी चढावी लागते.

अन्नाच्या हक्काला देशाच्या कायद्यात स्थान मिळाले ते 2013 साली. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्याचा हक्क दिला. रेशन दुकानावरचा माणूस आता याचक नाही. कडेच्या धान्याच्या नियमाशी या कायद्याची जवळीक सहज दिसते, आणि ख्रिस्ती समाजसेवी संस्थांनी त्याचे स्वागत केले ते त्याचमुळे.

मराठी चर्चमध्ये कापणीचा सण साजरा होतो. खेड्यातल्या मंडळीत त्या रविवारी वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरी, उसाची मोळी, भोपळे, कांदे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, एखाद्याचे बकरू असे सगळे येते. उपासना झाली की लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा शंभरापर्यंत चढतो. जमलेला पैसा मंडळीच्या कामाला जातो. पण ज्यांच्याकडे शेतच नाही असे सभासद काय आणतात, हे पाहिले की समाजाची स्थिती कळते: किराणा दुकानातून आणलेली साखरेची पुडी, नाहीतर पाकिटात घातलेली एका दिवसाची मजुरी.

या भूमिहीन ख्रिस्ती कुटुंबांची अडचण कायद्यातही आहे. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध दलितांना तो मिळाला. ख्रिस्ती दलितांना मिळालेला नाही; महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. परिणाम थेट जमिनीवर होतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. एकाच वस्तीत, एकाच आडनावाची, एकाच बांधावर मजुरी करणारी दोन घरे असली आणि त्यांतले एक ख्रिस्ती असले, तर त्या घराला ही योजना लागू होत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये, अशी शिफारस केली. 2022 साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमण्यात आला. चर्चच्या संघटना गेली अनेक दशके ही मागणी करत आहेत. मात्र, आपल्याच मंडळीत जमीन असलेले आणि नसलेले यांच्यातले अंतर कमी करण्यासाठी चर्चने स्वतःच्या ताब्यातल्या जमिनींचे काय करावे, यावर तेवढी चर्चा होताना दिसत नाही.